रात्रीची खा-खा आणि दिवसाचे अर्धे पोट

वाचकांचे प्रश्न : आहार आणि आरोग्य

रात्रीचे जेवण झाल्यानंतर पुन्हा काहीतरी खाण्याच्या सवयीबद्दल या सदराकडे इतकी पत्रे आली आहेत की या वेळी हा एकच विषय घ्यावा असे ठरवले. त्यांतली पाच पत्रे येथे थोडक्यात देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत. वरवर पाहता पाचही जणांची तक्रार एकच वाटते, परंतु प्रत्येकाचे कारण वेगळे आहे आणि म्हणून उत्तरही वेगळे आहे.

प्रश्न : माझे वय ४३ आहे. मी डोंबिवलीत राहते आणि मुंबईत फोर्ट भागातल्या एका कार्यालयात नोकरी करते. सकाळी सव्वासातला घर सोडावे लागत असल्याने चहा आणि दोन बिस्किटांपलीकडे पोटात काही जात नाही. दुपारी एकला डबा खाते, त्यात दोन पोळ्या आणि भाजी असते. संध्याकाळी पुन्हा फक्त चहा. साडेसातला घरी आल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे आणि मग साडेनऊला जेवण. वजन वाढले असल्यामुळे त्या जेवणात मी एकच पोळी घेते. मात्र अकरानंतर सगळे झोपले की मोबाइल घेऊन बसते आणि चिवडा, भाकरवडी, शेव, मुलांच्या वाट्याची चॉकलेटे, जे हाताला लागेल ते खात राहते. दर सोमवारी निश्चय करते आणि बुधवारपर्यंत तो मोडतो. माझ्यात मनोबलच नाही, असे आता घरच्यांनाही वाटते. ही सवय कशी मोडावी?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातला रात्री अकरानंतरचा भाग वाचण्याआधी सकाळी सव्वासातपासूनचा भाग नीट वाचायला हवा, कारण खरे उत्तर तिथेच आहे. दुपारी एकपर्यंत आपल्या पोटात चहा आणि दोन बिस्किटे असतात आणि एकच्या डब्यानंतर साडेनऊपर्यंत, म्हणजे साडेआठ तास, पुन्हा केवळ एक चहा असतो. त्यातही लोकलचा उभ्याने केलेला प्रवास आणि घरचा स्वयंपाक आहेच. एका पोळीतून साधारण तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. त्या हिशेबाने दोन पोळ्या आणि भाजी मिळून संध्याकाळपर्यंत दहा ग्रॅमसुद्धा प्रथिने शरीरात जात नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. दिवसभर मागे राहिलेली ही बाकी शरीर रात्री वसूल करते, आणि ती वसूल करण्याची वेळ येते तेव्हा समोर उसळ किंवा आमटी नसते, चिवड्याचा डबा असतो.

यात शरीराच्या घड्याळाचाही हात आहे. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी व्यक्तींना दिवस-रात्र कळणार नाही अशा मंद उजेडात ठेवून त्यांची भूक मोजली गेली. झोप आणि जेवण यांच्या वेळा कशाही फिरवल्या, तरी भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते, असे त्यात आढळले. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढही त्याच वेळी वाढते. म्हणजे सकाळी आपल्याला भूक लागत नाही आणि रात्री खा-खा सुटते, यात आपल्या स्वभावाचा दोष काढण्यासारखे काही नाही. त्यात झोपेची तूट मिळते. शिकागो विद्यापीठातल्या २००४ सालच्या एका प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. पुरेशी झोप मिळालेल्या स्थितीशी तुलना केली, तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलेले आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलेले दिसले. आपण साडेबारापर्यंत जागून पहाटे साडेपाचला उठत असाल, तर दुसऱ्या रात्रीची भूक आदल्या रात्रीच तयार होत असते.

हे सगळे असूनही मी केवळ भुकेवर बोट ठेवून थांबणार नाही. आपल्या पत्रातल्या दिवसात सकाळपासून रात्री अकरापर्यंत एकही क्षण आपला स्वतःचा नाही. अकरानंतरचा तास तेवढा आपला आहे आणि त्या तासाला आपण चिवड्याची जोड दिली आहे. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या नोकरदार स्त्रियांपैकी अनेकींची हीच गोष्ट आहे. तो तास सोडा असे मी मुळीच सांगणार नाही. तो थोडा अलीकडे आणता येईल का, एवढे मात्र घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे. सासऱ्यांची औषधे, ओट्याची आवराआवर आणि मुलांचे दप्तर यांतले एखादे काम पतीने आणि एखादे मुलांनी उचलले, तर आपल्याला साडेनऊनंतरच मोकळीक मिळू शकते. मनोबल कमी आहे असे म्हणणाऱ्या घरच्यांना हा परिच्छेद वाचायला द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता प्रत्यक्ष करायचे काय? पहिले दोन आठवडे रात्रीच्या खाण्याला हातच लावू नका. त्याऐवजी संध्याकाळची साडेपाचची वेळ पकडा. कार्यालयातून निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, किंवा घरून नेलेले एक उकडलेले अंडे, किंवा मोड आलेल्या मटकीची डबी, यांतले काहीतरी रोज खा. तीस ग्रॅम फुटाण्यांतून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ते पर्समध्ये खराब होत नाहीत, ही त्यांची मोठी सोय आहे. सकाळी घरी खाणे जमत नसेल, तर नाश्ता बरोबर न्या आणि कार्यालयात पोहोचल्याबरोबर खा. मुगाचे धिरडे, थालीपीठ आणि दही, शेंगदाणे व मटार घातलेले पोहे, असे काहीही चालेल. दुपारच्या डब्यात पोळी-भाजीबरोबर घट्ट वरण, उसळ किंवा दही यांतले एक असलेच पाहिजे.

रात्रीच्या जेवणाबद्दल मी आपल्याला जे सांगणार आहे, ते कदाचित उलटे वाटेल. वजन कमी करण्यासाठी त्या जेवणात एकच पोळी घेणे थांबवा. भाकरी किंवा पोळी, वाटीभर आमटी किंवा उसळ, भाजी, कोशिंबीर आणि हवा असेल तर थोडा भात, असे पोटभर जेवा, आणि शक्य तर साडेआठपर्यंत जेवा. पन्नास ग्रॅम शेव किंवा तळलेला चिवडा म्हणजे अडीचशे किलोकॅलरी किंवा त्याहून थोड्या जास्त, आणि टाळलेल्या एका पोळीपेक्षा हा आकडा दुपटीहून मोठा आहे. शिवाय फरसाणात मीठ किती असते ते आपण जाणताच. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मिठाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा आहे आणि आपल्या वरण-भाजीतच ती बहुधा संपलेली असते.

अलीकडे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा किंवा सोळा तास उपाशी राहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जैन कुटुंबांत सूर्यास्ताआधी जेवण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, परंतु ती पाळणाऱ्या घरांत स्वयंपाकाच्या आणि जेवणाच्या साऱ्याच वेळा त्या प्रथेभोवती बसवलेल्या असतात. साडेसातला घरी पोहोचणाऱ्या व्यक्तीने बाकी दिनक्रम तसाच ठेवून केवळ संध्याकाळचे जेवण सोडले, तर मध्यरात्री फराळाच्या डब्याकडे जाणारे पाय अधिकच वेगाने जातील.

दोन आठवड्यांनंतर रात्रीकडे वळा. अकराला खावेसे वाटले, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा : या क्षणी साधी पोळी-भाजी दिली तर मी खाईन का? उत्तर होकारार्थी असेल, तर ती भूक आहे. तेव्हा कपभर दूध, थोडा दहीभात किंवा अर्धी भाकरी जरूर खा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे खाणे थोडे वाढवा. पोळी-भाजी नको आणि फक्त चिवडाच हवा असेल, तर तो वाटीत काढून घ्या, डबा जागेवर ठेवा, मोबाइल बाजूला ठेवा आणि टेबलाशी बसून चव घेत खा. डब्यातून थेट खाताना आणि पडद्याकडे पाहताना किती खाल्ले याचा अंदाज कुणालाच येत नाही. डब्याला कुलूप लावणे, तो सर्वांत वरच्या फळीवर ठेवणे किंवा घरात काहीही आणायचे नाही असे फर्मान काढणे, या उपायांवर माझा विश्वास नाही. मात्र किलोभराऐवजी पावशेर आणणे शहाणपणाचे आहे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एखाद्या रात्री पुन्हा भरपूर खाल्ले गेलेच, तर प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशीचा नाश्ता टाळू नका. सोमवारचा निश्चय बुधवारी मोडतो तो बहुतेक वेळा याच मार्गाने.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून साताऱ्यात राहतो. बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइड असलेली गोळी चालू आहे. गेल्या दोन महिन्यांत आठवड्यातून एक-दोनदा पहाटे दोन-तीनला जाग येते, घाम आलेला असतो, हातांना कंप सुटतो आणि जबरदस्त भूक लागते. अशा वेळी मी बुंदीचा लाडू किंवा बिस्किटे खातो आणि मग बरे वाटते. मुलगा म्हणतो, बाबांना गोड खायला निमित्त हवे असते. ही सवय सोडण्यासाठी काय करावे?

उत्तर : सर, कृपया ही सवय समजू नका आणि ती बळाने सोडण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नका. आपण वर्णन केलेली लक्षणे रक्तातली साखर फार खाली गेल्याची असू शकतात. आपण घेत असलेले औषध स्वादुपिंडाकडून अधिक इन्सुलिन सोडवून घेते आणि जेवण कमी झाले, जेवायला उशीर झाला किंवा मूत्रपिंडांचे काम मंदावले, तर साखर नको तितकी खाली येते. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, तर तातडीने उपाय करावा लागतो. झोपेत हे घडले तर कधी कधी जागही येत नाही. सकाळी डोके जड असणे, भयंकर स्वप्ने पडणे, अंगातला सदरा घामाने ओला झालेला आढळणे, ही त्याची मागे उरणारी चिन्हे आहेत.

याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना भेटा आणि त्यांना हे सर्व सांगा. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची की नाही, हे त्यांनीच ठरवायचे आहे. आपण स्वतः ती कमी करू नका. तोपर्यंत साखर मोजण्याचे यंत्र उशाशी ठेवा आणि जाग आल्यावर आधी मोजा. मोजणे शक्य नसेल तर लक्षणांवर विसंबून लगेच उपाय करा. साखर कमी असताना बुंदीचा लाडू हा योग्य उपाय नाही, कारण त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, गरज वाटल्यास तेच पुन्हा करा आणि साखर वर आल्यावर मग अर्धी भाकरी किंवा दूध असे काहीतरी घ्या. आपल्या मुलाने हे उत्तर वाचावे आणि कधी आपण शुद्धीवर नसल्याचे आढळले, तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. हिंजवडीत संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन अशी पाळी असते. मध्यरात्री सगळे मिळून मॅगी, बर्गर, वडापाव मागवतो. दोन वर्षांत अकरा किलो वजन वाढले. जागायचे तर खावे लागतेच, मग काय करावे?

उत्तर : आपल्यासाठी रात्र हाच कामाचा दिवस आहे, त्यामुळे रात्री खाऊच नका असा सल्ला देणे अन्यायाचे होईल. तरी शरीराचे आतले घड्याळ पाळीबरोबर पूर्णपणे उलटत नाही. एकच जेवण सकाळी आणि रात्री घेतले, तर रात्री रक्तातली साखर अधिक वाढते. बोस्टनमधल्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०२१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात १९ निरोगी तरुणांना रात्रपाळीसारख्या वेळापत्रकात ठेवले होते. ज्यांनी रात्री जेवणे घेतली त्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली आणि ज्यांची जेवणे दिवसाच्या वेळातच ठेवली होती त्यांच्यात तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. हा प्रयोग लहान होता, परंतु त्याचा रोख उपयोगी आहे.

म्हणून मुख्य जेवण संध्याकाळी पाच-साडेपाचला घरी पोटभर करून निघा. मध्यरात्रीसाठी छोटा डबा न्या : पनीर किंवा अंड्याची पोळी, मुगाचे धिरडे, दही आणि काकडी, किंवा मिसळीसाठी करतात तशी मटकीची उसळ, मात्र वर फरसाण नको. पाळीतल्या दुसऱ्या भुकेला एखादे फळ आणि शेंगदाणे पुरतात. एकनंतर चहा-कॉफी घेऊ नका, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायलाच साधारण पाच तास लागतात आणि आपल्याला साडेचारला झोपायचे असते. घरी पोहोचल्यावर भरपेट खाऊन लगेच आडवे होऊ नका. खाणे आणि झोपणे यांत दोन-तीन तास नसतील, तर छातीत जळजळ होण्याची तक्रार आपल्या वयातही सुरू होते. सहकाऱ्यांबरोबर मागवून खाण्यातला सहवास मला मोलाचा वाटतो, म्हणून तो तोडू नका. आठवड्यातली एक रात्र ठरवा आणि त्या रात्री मनमोकळे खा.

प्रश्न : मी नागपूरची असून माझे वय ३८ आहे. रात्री मला दोन-तीनदा जाग येते आणि काही खाल्ल्याशिवाय पुन्हा झोपच लागत नाही. खाताना मी पूर्ण जागी असते. सकाळी मात्र दुपारपर्यंत अन्नावर वासना नसते. संध्याकाळनंतर मन उदास होते. हे चार वर्षे चालले आहे.

उत्तर : आपल्या पत्रातल्या खुणा एकत्र पाहिल्यास ही सवयीच्या पुढची गोष्ट असण्याची शक्यता आहे. सकाळी भूक न लागणे, संध्याकाळनंतर फार खाणे आणि झोप मोडणे हे तीन घटक एकत्र आढळणाऱ्या रुग्णांचे वर्णन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ सालीच केले होते. आज या स्थितीला निशा-आहार विकार म्हणता येईल आणि मानसोपचाराच्या प्रमाण वर्गीकरणात तिची नोंद आहे. संध्याकाळच्या जेवणानंतर दिवसाच्या एकूण अन्नाचा किमान चौथा हिस्सा खाल्ला जाणे, किंवा आठवड्यातून किमान दोनदा रात्री उठून खाणे, ही तिची ओळखीची खूण मानली जाते. उदासीनतेची जोडही तिच्यात अनेकदा असते.

यावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती आणि काही जणांच्या बाबतीत नैराश्यावरची औषधे उपयोगी पडतात. म्हणून आपण मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, त्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही. भेटीपूर्वी दोन आठवडे झोपेची आणि खाण्याची वेळ वहीत लिहून ठेवा, त्याची डॉक्टरांना मोठी मदत होते. घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे असेल, तर तेही सांगा. आपण झोपेची गोळी घेत असाल तर ते न विसरता सांगा, कारण झोल्पिडेमसारख्या औषधांमुळे काही जण अर्धवट झोपेत उठून खातात आणि सकाळी त्यांना ते आठवतही नाही. आपल्याला आठवते, हा फरक निदानासाठी महत्त्वाचा आहे.

प्रश्न : माझी मुलगी बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली आहे. बाळ दोन महिन्यांचे आहे. ती रात्री बाळाला पाजायला उठली की दर वेळी काहीतरी खाते. ही सवय पुढे अंगाला लागेल का?

उत्तर : आजी, आपल्या लेकीला खाऊ द्या. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात आणि बाळ रात्रीही पीत असल्याने भूकही रात्री लागते. तिला उठून स्वयंपाकघरात जावे लागू नये, म्हणून झोपण्यापूर्वी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या, दोन डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू आणि एखादे फळ झाकून ठेवा. बाळाचे रात्रीचे पिणे कमी होईल, तशी ही भूकही बहुधा ओसरेल.